मंगेशच्या लग्नात गौतमचं नाव

आधीच सांगून टाकते, मी मुद्दाम केलं नाय. एका पोरीचं लग्न दुसऱ्याच बाईच्या नवऱ्याशी मुद्दाम कोण लावील? पण अजून पाण्यावर गेले की बाया विचारतात, "काय गं हिरी, आज कोणाचं कोणाशी?" आणि खी खी हसतात. हसू दे. आता मलापण हसू येतं, म्हणून तर सांगायला बसले.

मी धवलेरी. आमच्यात लग्न भटजी लावत नाय, धवलेरी लावते. मंत्र नाय, गाणं. नवरा-नवरीला पाटावर बसवायचं, समोर तांदळावर दिवा ठेवायचा आणि मी गायचं. गाण्यात दोघांची नावं एकत्र बांधली की लग्न लागलं. माझ्यामागे पोशी आणि लाडकी बसतात. मी ओळ टाकली की त्या दोघी ती झेलतात, तशीच्या तशी. सव्वीस वर्षं झाली. जव्हार आणि मोखाड्याच्या मधल्या कुठल्याही पाड्यात जा, मी लावलेलं एक तरी जोडपं तिथं नांदत असेल.

गाणं अर्धं जुनं असतं, सगळ्यांना सारखं. उरलेलं अर्धं त्या घरचं. नवरा लहानपणी कुठल्या झाडावरून पडला, आईनं त्याच्यासाठी काय सोसलं, हे सगळं त्यात यायला पाहिजे, नायतर म्हातारे मान हलवत नाय. त्यासाठी मी लग्नाच्या आधी नवऱ्याच्या घरी जाऊन बसायची. त्याच्या आईला विचारायची, ऐकून घ्यायची. मग मोहाची फुलं वेचताना नायतर वाटेनं चालताना ओळी आपल्या आपण जुळायच्या. त्यासाठी मी वेगळी अशी कधी बसले नाय.

मग घरात फोन आला.

आमचा हेमंत जव्हारला हापिसात क्लार्क आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानं मला मोठ्या काचेचा फोन आणून दिला. "आये, तुझी गाणी यात जपून ठेवू," म्हणाला. पोरगा गुणाचा आहे, त्याला दोष नाय. तेव्हा नुकतंच गौतमचं आणि उज्ज्वलाचं लग्न मी लावलं होतं. त्यातलं माझं अख्खं गाणं हेमंतनं फोनमध्ये भरून ठेवलं होतं. झालं! मी म्हटलं, आता डोक्याला त्रास कशाला? लग्न आलं की कानात वायरी घालायच्या, गौतमचं गाणं ऐकायचं, आणि गाताना गौतमच्या जागी दुसरा पोर, उज्ज्वलाच्या जागी दुसरी पोर. नवऱ्याच्या घरी जाणंपण सोडलं. "नाव पाठवा," एवढंच सांगायची.

आणि उरलेल्या वेळात मी काय बघायची ते सांगायला लाज वाटते. कोण बाई सासूला उलट बोलते, कोण माणूस पन्नास अंड्यांची भुर्जी करतो, कुठं विहिरीतून अजगर काढतात. अहो, अजगर आमच्या पाड्यातपण निघतो, तिथं मी ढुंकून बघत नाय! चुलीवर भाजी करपायची. तुका, माझा नवरा, समोर बसून काहीतरी सांगत असायचा, मी नुसतं "हूं, हूं" करायची. एकदा तो वैतागून म्हणाला, "हिरे, घराला आग लागलीय." मी म्हटलं, "हूं, झाकून ठेव."

तर गेल्या चैत्रात जामसरला मंगेशचं लग्न होतं. मंगेश म्हणजे कोंडीचा एकुलता एक. बाप तो तान्हा असतानाच गेला, कोंडीनं एकटीनं मोलमजुरी करून त्याला वाढवला. नवरी साखरशेतची सुनिता, हसरी पोर. मांडव कोंडीच्या दारात. कोंडीचा सासरा मंगळूबाबा, गावातलं सगळ्यात मोठं माणूस, पुढे खाटेवर बसलेला. त्याच्याशेजारी पाहुणा म्हणून कोण? गौतम. हातात सरबताचा ग्लास, बाजूला त्याची उज्ज्वला. मी नुसतं नजरेनं बघितलं, डोक्यात काय शिरलं नाय, कारण मी फोनवर एका म्हशीचा वाढदिवस बघत होते. म्हैस केक खात होती. पोशीनं कोपर मारलं, "बाय, उठ, बसवलं त्यांना." मी फोन कमरेला खोचला आणि ओळ टाकली.

"गौतम नवरा बसला गो पाटावरी..."

पोशी-लाडकीनं झेलली, "गौतम नवरा बसला गो पाटावरी..."

मला काय जाणवलंच नाय. डोळ्यांपुढे म्हैस.

"गौतमच्या हाती दिला सुनिताचा हात..."

तीपण झेलली, चांगली लांबवून.

"गौतमच्या दारी आली सुनिता नांदाया..."

तिसरी झेलताना लाडकीचा आवाज जरा डगमगला, तेवढ्यात उज्ज्वला उभी राहिली आणि अंगणवाडीत पोरांवर ओरडते तशी ओरडली, "अहो हिरीकाकी! तो माझा आहे!"

मांडव फुटला हसून. गौतमच्या नाकातून सरबत आलं. मंगेशपण हसला, सुनिता पदरात तोंड घालून हसली. मग एकेक जण गप होत गेला, कारण कोंडी हसत नव्हती. ती दिव्याकडे बघत होती.

मी लगेच नाव बदलून गायले. पुढचं सगळं नीट केलं. पण गाणं संपलं तशी कोंडी पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझ्या पोराचं जन्मात एक तरी धड होऊ दे म्हटलेलं, हिरी. तेपण तू दुसऱ्याच्या नावावर केलंस."

मला वाटलं, जमीन फाटावी आणि आत जावं.

कोंडी काय वाईट बाई नाय, तिला भीती वाटली होती. तीन वेळा बांधलेलं नाव, ते असं पुसून जातं का? तिनं हळदीच्या अंगानं सुनिताला माहेरच्यांबरोबर परत पाठवली. "लग्न लागलं असं मला वाटत नाय. लागेल तेव्हा आणू," म्हणाली. कोणीतरी बोललं, दुसरी धवलेरी बोलवा. तेव्हा मंगळूबाबा खाटेवरून बोलला, "चुकलं जिचं, तिनंच निस्तरायचं. हिला बदललीत, तर हिनं लावलेली बाकीची लग्नंपण उसवायला काढाल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तिसऱ्या रविवारी परत गा. नुसतं नाव घालून नको. मंगेशचं गाणं घेऊन ये. त्या दिवशीपण चुकलीस तर मग परत कोणाच्या मांडवात बसू नको."

घरी येताना जीपमध्ये मी पोशीवर चिडले. "तुम्हाला कळलं नाय होय? गौतम, गौतम काय झेलताय?"

"आमचं काम झेलायचं," पोशी म्हणाली. "तू डोंगराशी लावलं असतंस तर डोंगराशी झेललं असतं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि खरं सांगू? दोन वर्षं आम्ही गौतमचंच झेलतोय. आज नावपण गौतमचं आलं, एवढंच."

मला एवढा राग आला की पाड्यापर्यंत मी तिच्याशी बोलले नाय. खरं बोललेलं झोंबतंच.

घरी आले, फोन काढला आणि नागलीच्या कणगीत खुपसला, कोपरापर्यंत हात घालून. दुसऱ्या दिवशी कणगी वाजायला लागली. तुका काठी घेऊन धावला, त्याला वाटलं आत काय शिरलंय. "अगं हिरे, उंदीर गाणं म्हणतोय!" मग मी फोन बाहेर काढून बंद केला आणि परत नागलीत घातला. हेमंतला निरोप पाठवला, काय काम असेल तर बापाच्या बटणाच्या फोनवर बोल.

तुम्हाला वाटेल, फोन ठेवला आणि गाणं आलं. कुठलं येतंय! पहिले चार दिवस मी नुसती चिडचिड केली. मोह वेचायला गेले, वाकले की हात कमरेला जायचा. तिथं काय नाय. परत वाकायची, परत हात. शेजारची तानी म्हणाली, "काकी, कंबर दुखतेय का?" काय सांगणार तिला? ओळ जुळवायला घेतली तर पहिल्या शब्दालाच कुठल्यातरी साबणाच्या जाहिरातीची चाल लागायची. एक ओळ आली, मला बरं वाटलं, मग कळलं की तीपण गौतमचीच. मी मोहाची टोपली तिथंच आपटली. सगळा मोह सांडला आणि परत मलाच वेचावा लागला.

त्यात मंगेश. तो दर दोन दिवसांनी मोटारसायकलवर यायचा. उंबऱ्यात बसायचा, चहा प्यायचा, आणि पोराचा जीव कुठं अडकलाय ते त्याच्या तोंडावर दिसायचं. "काकी, झालं का पाठ?" विचारायचा.

"पाठ करायचं नसतं रे, करायचं असतं," मी खेकसायची.

"सुनिता म्हणाली, काकीला म्हणावं घाई नाय." आणि मग हळूच, "पण काकी, थोडी आहे."

त्याच्यावर चिडता यायचं नाय. तो गेला की मला रडू फुटायचं. एवढं साधं पोर, हळद लागून तसंच ताटकळलंय, आणि ते कशामुळे, तर म्हशीच्या केकमुळे!

पण हळूहळू काहीतरी होत होतं. सहाव्या-सातव्या दिवशी तुका जेवताना सांगत होता की धरणाच्या बाजूला त्यानं एक खेकडा बघितला, एका नांगीचा. मी विचारलं, "दुसरी कशानं तुटली?" तुका घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "दोन वर्षांनी तू मला काहीतरी उलट विचारलंस." आणि मग तासभर त्या खेकड्याबद्दल बोलत होता. वैताग आला, पण मी ऐकलं.

नवव्या दिवशी मी जामसरला गेले. आधीच जायला पाहिजे होतं, पण कोंडीच्या समोर उभं राहायची हिंमत होत नव्हती. फाट्यावर जीप सोडली आणि पुढे चालत गेले.

कोंडी नागलीचे पापड लाटत होती. मला बघून तिनं मान परत पोळपाटात घातली. पाणी विचारलं नाय. आमच्यात दारात आलेल्याला पाणी विचारत नाय म्हणजे काय ते ओळखा. मी आत जाऊन बसले आणि तिनं लाटलेला एकेक पापड उचलून कापडावर पसरायला लागले. तिनं नको म्हटलं नाय. एक झाला, दहा झाले, चाळीस झाले. पूर्वीची मी असते तर फोन काढून बसले असते, वेळ गेला असता, आणि तशीच उठून आले असते. आता काढायला काय नव्हतं. हात पापडात, आणि डोळ्यांनी जायचं कुठं? मी घर बघायला लागले.

कुडाचं घर, शेणानं सारवलेलं. एक खाट, मांडणीवर चार भांडी, मंगेशची शर्टं दोरीवर. कोपऱ्यात पाण्याचा हंडा. आणि हंड्याखाली एक वीट. अख्ख्या घरात एकच वीट, लाल, भाजलेली. हंडा ठेवायला चपटा दगड कुठंही मिळतो, मग वीट कशाला? मी वाकून बघितलं. हंड्याखालून बाहेर आलेल्या टोकावर पाच बारीक खळगे होते. बोटं. मी हंडा उचलून बाजूला ठेवला. खाली अख्खा पंजा होता, माझ्या अर्ध्या तळव्याएवढा.

"कोणाचा गं?" मी विचारलं.

कोंडीचं लाटणं थांबलं.

"त्याचा," ती म्हणाली. मग लाटणं बाजूला ठेवून, पिठाचे हात मांडीवर घेऊन ती बोलायला लागली. भिवंडीकडे वीटभट्टीवर होते ते. नवरा त्याच वर्षी गेला. ती चिखल तुडवायची आणि पोराला झाडाखाली ठेवायची. एक दिवस पोरगं रांगत रांगत कच्च्या विटांवर आलं आणि एकीवर हात टेकून उभं राहिलं. पहिल्यांदा उभं राहिलं. मुकादमानं शिव्या घातल्या, वीट खराब केली, मोडून टाक म्हणाला. "मी मोडली नाय," कोंडी म्हणाली. "त्याची पाठ वळली तशी ओळीत सरकवली. भट्टीतून भाजून निघाली, तेव्हा हजार विटांत शोधून काढली. बाया भट्टीवरून येताना भांडी आणतात, लुगडी आणतात. मी वीट आणली, साडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून."

"कधी कोणाला सांगितलं नायस?"

"कोणी विचारलं नाय," ती म्हणाली. मग उठली, आणि त्याच हंड्यातून तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला.

ते पाणी पिऊन मी निघाले. फाट्यापर्यंतच्या वाटेवर ऊन होतं, करवंदीच्या जाळ्या, पुढे एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चाललेली. मी तिच्या मागून तिच्या पावलानं चालत होते. पहिल्या वळणावर एक ओळ आली. दुसऱ्या वळणावर तिला जोडून दुसरी. मी श्वास धरून ठेवला, म्हटलं आता साबण येईल, आता गौतम येईल. कोणी आलं नाय. तिसरी आली. मी रस्त्यातच उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "आलं गं बाय, आलं!" मोळीवालीनं मागे बघितलं आणि झपाझप चालायला लागली, तिला वाटलं बाईच्या अंगात वारं आलं. मी तिथंच धुळीत बसले आणि पोटभर रडले. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, माझ्यातलं गाणं मेलं. ते मेलं नव्हतं.

घरी आल्यावर फोन कणगीतून काढला. टाकून कशाला द्यायचा, वस्तू चांगली आहे. हेमंतला गौतमचं गाणं तेवढं पुसायला सांगितलं. तो कळवळला, "आये, आठवण आहे ती!" मी म्हटलं, "गौतमला दे, त्याची आठवण आहे." आता फोन खुंटीवर असतो, तुकाच्या कोयत्याशेजारी. काम असलं की घ्यायचा, झालं की परत खुंटीवर. कधी कधी अजून बघते, खोटं कशाला बोलू? पण मोह वेचायला तो येत नाय, आणि कोणाच्या घरी तर नायच नाय.

तिसरा रविवार आला. पहिल्या वेळेपेक्षा दुप्पट माणसं. लग्नाला नाय, माझी फजिती बघायला. उज्ज्वला उभ्या उभ्या फोन धरून तयार, आणि गौतमला तिनं मांडवाच्या बाहेर, आंब्याखाली बसवलेलं. "काकी, धोका नको," म्हणाली. सगळे हसले, मीपण हसले. सुनिताची हळद फिकी झाली होती, परत लावली होती. मंगेश मान खाली घालून बसलेला. मंगळूबाबा खाटेवर, डोळे मिटून. कोंडी दिव्याच्या पलीकडे, हाताची घडी घालून उभी.

जुनं गाणं झालं. आता घरचं. मी ओळ टाकली.

"भट्टीच्या रानात वीट गो कच्ची, विटेवरी हात कोणाचा..."

पोशी-लाडकीनं झेलली, "विटेवरी हात कोणाचा..."

कोंडीची घडी सुटली.

"भट्टी तापली, वीट भाजली, हात नाय भाजला, हात कोणाचा..."

"हात कोणाचा..."

आता नाव यायचं होतं. मांडवात एवढी शांतता की आंब्याखाली गौतम खोकला तो ऐकू आला. उज्ज्वलानं डोळे मिटून घेतले. नाव माझ्या जिभेवर होतं, नीट, बरोबर. पण मी कोंडीकडे बघितलं, आणि मी ते बोललेच नाय. परत विचारलं, नुसतं, "हात कोणाचा गो, हात कोणाचा..."

आणि दिव्याच्या पलीकडून, फाटक्या, बेसूर आवाजात कोंडी गायली, "माझ्या मंगेशचा!"

पोशी आणि लाडकीनं ते झेललं. कोणी सांगितलं नव्हतं, पण मागच्या सगळ्या बायांनी झेललं. "माझ्या मंगेशचा!" मंगेशला विटेचं ठाऊक नव्हतं. तो आईकडे बघत राहिला आणि मग स्वतःच्या हाताकडे.

"त्याच हातात दे गो," मी गायले, "त्याच हातात दे गो सुनिताचा हात..."

मंगळूबाबानं डोळे उघडले आणि मान हलवली. कोंडी पुढे आली, तिनं सुनिताचा हात उचलून मंगेशच्या हातात ठेवला, वर आपले दोन्ही दाबून धरले. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडभर हसू. "लागलं," ती म्हणाली. "आता लागलं गं, हिरी."

मी मटकन खाली बसले. पोशीनं पाठीत धपका घातला आणि म्हणाली, "दोन वर्षांनी काहीतरी झेलायला दिलंस, बाय."

जेवणाच्या पंगतीत उज्ज्वला फोन घेऊन आली. "काकी, सगळं आलंय, पहिल्यापासून. तुम्हाला पाठवते, पुढच्या लग्नाला कामाला येईल."

"मला नको," मी म्हटलं. "मंगेशला पाठव. ती वीट त्याच्याच घरात आहे."